एका वर्षाचा हिशेब

आपल्या सुशिक्षित घरांतून मुलांचें वय जन्मतारखेवरून मोजीत नाहींत, इयत्तेवरून मोजतात. "यंदा कितवींत?" हा पाहुण्यांचा पहिला प्रश्न, आणि उत्तर अपेक्षेहून एका इयत्तेनें कमी आलें कीं दिवाणखान्यांत क्षणभर शांतता पसरते. "मुलाचें वर्ष गेलें" हे शब्द आपल्याकडे सुतकांतल्या आवाजांत उच्चारले जातात. मग अभ्यासांत चांगला असलेला व वेळेवर शाळा संपविलेला मुलगा केवळ एका खेळासाठीं आपण होऊन एक वर्ष मागें राहूं इच्छितो, असें ऐकल्यावर घरांत काय होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. आमच्या घरांत हा प्रसंग सन २०२४ मध्यें आला. त्यावरून जे विचार आम्हांस सुचले, ते इतर कुटुंबांसहि उपयोगी पडतील असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

आमचे पुतणे बरींच वर्षें अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत नोकरीनिमित्त राहतात. त्यांचे चिरंजीव त्या वर्षीं जूनमध्यें बारावी उत्तीर्ण झाले. उंची सहा फूट तीन इंच आणि बास्केटबॉलचा विलक्षण नाद. कॉलेजांत गेल्यावरहि संघांतून खेळावें ही त्यांची इच्छा. परंतु मनाजोगत्या एकाहि कॉलेजच्या प्रशिक्षकानें त्यांस बोलाविलें नाहीं. तेव्हां न्यू हॅम्पशायरमधील एका वसतिगृहयुक्त शाळेंत आणखी एक वर्ष काढून पुन्हां प्रयत्न करावा, असें त्यांनीं ठरविलें. तिकडे या वर्षास 'पोस्ट-ग्रॅज्युएट' वर्ष म्हणतात. हें नांव ऐकून पुण्यांत आमच्या वहिनींचा असा समज झाला कीं नातू एकदम एम्. ए. ला बसला! वस्तुतः तिकडे शाळा संपविणाऱ्यासहि 'ग्रॅज्युएट' म्हणतात, आणि हें वर्ष म्हणजे बारावीच्या पुढचें शाळेचेंच पांचवें वर्ष. खरा अर्थ कळल्यावर वहिनींचा आनंद मावळला. "बारावी झाली, मग पुन्हां शाळा कशाला?" हा त्यांचा प्रश्न दूरध्वनीवरून रोज अमेरिकेस जाऊं लागला.

हा खेळ मुळांत शाळेच्याच गरजेंतून जन्मला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. डिसेंबर १८९१ मध्यें मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ हे व्यायामशिक्षक होते. कडाक्याच्या हिवाळ्यांत विद्यार्थ्यांना घरांत खेळतां येईल असा खेळ हवा होता. त्यांनीं पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले, आणि खेळ सुरू झाला. शिक्षकानें विद्यार्थ्यांसाठीं योजिलेल्या त्या युक्तीवर आज अब्जावधि डॉलरांचा व्यवहार चालतो, आणि त्या व्यवहाराच्या दाराशीं हजारों मुलें उभीं असतात.

दार मात्र फार अरुंद आहे. कॉलेजांतील खेळांचें नियमन करणाऱ्या एन. सी. ए. ए. या संस्थेच्या पहिल्या श्रेणींत साडेतीनशेंहून अधिक कॉलेजें आहेत; पण शाळेंत हा खेळ खेळणाऱ्या शंभर मुलांपैकीं तेथवर जेमतेम एक पोंचतो. शिवाय या जादा वर्षानें गुणपत्रिका सुधारते असें समजणें चूक होय. पहिल्या श्रेणीसाठीं सोळा मुख्य अभ्यासक्रम शाळेच्या चार वर्षांतच पुरे करावे लागत, त्यांतील दहा तर शेवटचें वर्ष सुरू होण्यापूर्वीं. वेळेवर उत्तीर्ण झालेल्यास पुढील वर्षांतला एकच अभ्यासक्रम जमेस धरतां येई. म्हणजे या वर्षांत मुख्यतः शरीर भरतें, खेळ पक्का होतो आणि प्रशिक्षकांच्या नजरेस पडण्याची संधि मिळते, इतकेंच.

त्या संधीसहि अलीकडे ओहोटी लागली आहे. महामारीमुळें २०२० सालीं खेळाडूंना एक वर्ष अधिक खेळण्याची सवलत मिळाली. २०२१ पासून एक कॉलेज सोडून दुसऱ्यांत जाणाऱ्यास तेथें लगेच खेळतां येऊं लागलें. मग बावीस वर्षांचा कसलेला गडी आयता मिळत असतां अठरा वर्षांच्या पोरास कोण घडवीत बसेल? पुतण्यांच्या एका मित्रानें पंजाबच्या सतनामसिंगांचा दाखला दिला. फ्लॉरिडांतील एका शाळेंतून कॉलेजांत न खेळतां २०१५ सालीं डॅलसच्या संघानें निवडलेले ते पहिले भारतीय. यावर पुतणे एवढेंच म्हणाले, "ते सात फूट दोन इंच आहेत." वर खर्चाचा प्रश्न होताच. अशा शाळांचें वर्षाचें शुल्क राहण्याजेवण्यासह सत्तर हजार डॉलरांच्या घरांत जातें. शाळेनें कांहीं सूट दिली. उरलेल्या रकमेसाठीं पुतण्यांनीं घराची दुरुस्ती पुढें ढकलली.

याच सुमारास आमच्या पुण्याच्या घरांतहि एक वर्ष 'मागें' पडत होतें. आमच्या नातीस वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत पुरेसे गुण मिळाले नाहींत, म्हणून ती पुन्हां तयारीसाठीं लातुरास गेली. त्या वर्षास मात्र कोणींहि नांव ठेविलें नाहीं. वहिनींनीं तिला दहीसाखर देऊन निरोप दिला.

ऑक्टोबरांत आम्ही उभयतां अमेरिकेंत असतां चिरंजिवांची शाळा पाहून आलों. पहांटे उठून व्यायाम, दिवसभर वर्ग, दुपारीं सराव, आणि रात्रीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं दोन तास सक्तीचा अभ्यास. घरीं पाण्याचा पेला जागेवर न ठेवणारा मुलगा स्वतःचे कपडे धूत होता. सेनेगलहून आलेल्या खोलीसोबत्यास तो इंग्रजी निबंध लिहिण्यांत मदत करी. क्रीडागृहांत तो आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आजोबा, इथं मी उंच नाही." घरच्या शाळेंतील सर्वांत उंच मुलास आपण मध्यम आहों हें कळणें, आणि कळूनहि त्यानें दुसऱ्या दिवशीं पहांटे उठणें, हें शिक्षण नव्हे तर काय?

मार्च २०२५ पर्यंत पहिल्या श्रेणींतील कोणत्याहि कॉलेजचें बोलावणें आलें नाहीं. तिसऱ्या श्रेणींतील दोन लहान कॉलेजांच्या प्रशिक्षकांनीं विचारणा केली. त्या श्रेणींत खेळासाठीं शिष्यवृत्ति मुळींच नसते. त्यांतील अर्थशास्त्र ज्याचें चांगलें, तें कॉलेज चिरंजिवांनीं पसंत केलें. आमच्या नातीसहि त्या वर्षीं जागा मिळाली नाहीं. ती आतां फिजिओथेरपी शिकत आहे. दोघांनाहि मुख्य फळ मिळालें नाहीं. घरचा निवाडा मात्र निराळा झाला. नातीविषयीं वहिनी म्हणाल्या, "पोरीनें प्रयत्न तर केला." नातवाविषयीं म्हणाल्या, "वर्ष गेलें."

आम्हांस हा न्याय पटला नाहीं, आणि तसें आम्हीं वहिनींस आदरपूर्वक सांगितलेंहि. खेळाचें वर्ष चांगलें व परीक्षेचें वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. दोन्ही वर्षें एकाच तराजूंत घालावींत, एवढेंच म्हणणें आहे. मुलास असें वर्ष देण्यापूर्वीं आईबापांनीं स्वतःशीं विचारावें: ज्या फळासाठीं हें वर्ष द्यावयाचें, तें मिळालेंच नाहीं तर दिवसाच्या चोवीस तासांत दुसरें काय उरतें? नातवाच्या दिवसांत वर्ग होते, मित्र होते, शिक्षकांचें लक्ष होतें. नातीच्या दिवसांत चांचणी परीक्षा आणि त्यांचे क्रमांक यांखेरीज कांहीं नव्हतें. तिची भूक व झोंप दोन्ही गेलीं, आणि तें दिवाळीपर्यंत आम्हां कोणाला तिनें कळूं दिलें नाहीं. त्यानंतर तिची आई दर पंधरवड्यास लातुरास जाऊं लागली, आणि तेव्हांपासून ती सावरली.

पैशाचा विचार तर अवश्य करावा. कर्ज काढून, धाकट्या भावंडांच्या वाट्यास हात घालून असें वर्ष विकत घेऊं नये. आणि पहिल्या श्रेणीचें आश्वासन देणाऱ्या शाळेपासून दूरच राहावें, कारण तें आश्वासन पाळणें कोणाच्याच हातीं नसतें. परंतु घराला झेपत असेल, मुलाची स्वतःची ओढ असेल, आणि अपयश आलें तरी तो अधिक शहाणा होऊन परतेल असें तें ठिकाण असेल, तर एक इयत्ता मागें राहिल्याचें भय बाळगूं नये. वहिनींनीं अद्याप आपलें मत बदललेलें नाहीं. मात्र नातवाचा सामना कोणत्या दिवशीं आहे, हें त्या आतां न चुकतां विचारतात.