शाई नसलेले बोट

15 जानेवारी 2026 रोजी महाराष्ट्रातील 29 महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मराठी विभागातले आम्ही तिघे त्या दिवशी मतदान केंद्रांवर होतो, पण मतदार म्हणून नव्हे; निवडणुकीच्या कामावर होतो. दिवसभर इतरांच्या बोटांवर खूण केली. आमची बोटे कोरीच राहिली.

कामावरील कर्मचाऱ्यांसाठी टपाली मतपत्रिकेची सोय असते. त्यासाठी मुदतीत अर्ज करावा लागतो. आमच्यातील एकाने तो केला आणि मत दिले. उरलेल्या दोघांनी ‘उद्या देऊ’ म्हणत मुदत घालवली. दोष व्यवस्थेचा नाही, आमचाच.

सोमवारी वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तुम्ही मत दिलंत?” आणि एक विलक्षण गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्याने मत दिले त्याच्यापाशी खूण नव्हती. ज्यांनी दिले नाही त्यांच्यावर संशय नव्हता. कोऱ्या बोटाने आम्हा तिघांना एकाच पंक्तीला बसवले होते.

मतपत्रिका घरी आली की मतदान वाढेल, असे आपण सहज म्हणतो. इंग्लंडमध्ये 2000 सालापासून स्थानिक निवडणुकांत केवळ टपालाने मतदान घेण्याचे प्रयोग झाले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी ते वाढलेही. परंतु पॅट्रिशिया फंक यांचा स्वित्झर्लंडविषयीचा, 2010 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळे सांगतो. तिथे टपाली मतदानाने श्रम वाचले, तरी एकूण टक्का फारसा वाढला नाही. लहान गावांची संख्या मोठी असलेल्या कॅन्टनांत तर तो घटला. फंक यांच्या मते, लहान गावात कोण मतदानाला आले आणि कोण नाही, हे सर्वांना दिसते. घरबसल्या मत देता येऊ लागले, तशी शेजाऱ्यांची ही नजर हटली आणि तिच्या धाकाने येणारेही ओसरले.

म्हणजे मतदार केंद्रापर्यंत चालत जातो तो केवळ मतासाठी नव्हे. काही अंशी आपण गेलो हे दिसावे म्हणूनही. हे मान्य करणे नागरिकशास्त्राच्या पुस्तकाला अवघड जाईल. आम्हालाही गेले. मतदान गुप्त असावे, पण मतदार दिसावा, अशी ही दुहेरी रीत आहे. टपाल त्यातला दुसरा भाग काढून घेते आणि उरतो तो ज्याचा त्याचा विवेक. आमचा त्या कसोटीला उतरला नाही.

विद्यार्थिनीला आम्ही खरे तेच सांगितले. वर्ग क्षणभर गप्प झाला. पुढच्या वेळी अर्ज पहिल्याच दिवशी भरू. बोट तेव्हाही कोरेच असेल; आपण मत दिले, हे फक्त आपल्याला ठाऊक असेल.