रात्रीची खतावणी

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच विषय निघतो: मुलाला लातूरला ठेवायचे की नांदेडला? मग शिकवणीची फी, खोलीचे भाडे, डब्यात कंदमुळे टाळता येतील की नाही, जवळपास स्थानक अथवा मंदिर आहे की नाही, या साऱ्याची बारकाईने चौकशी होते. व्यापारी माणसाला चौकशी शिकवावी लागत नाही. माझ्या लातूरच्या घराचा वरचा मजला गेली सोळा वर्षे विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेला आहे. या सोळा वर्षांत खोली पाहायला आलेल्या एकाही पालकाने 'येथे रात्री दिवे किती वाजता मालवतात?' असे मला विचारलेले नाही. विचारले ते उलटेच. 'रात्री अभ्यासाच्या वेळी लाईट जात नाही ना? इन्व्हर्टर आहे ना?'

लातूरला शिक्षणात जे स्थान मिळाले ते कष्टाने मिळाले, हे आधी सांगितले पाहिजे. १९७० साली स्थापन झालेले राजर्षी शाहू महाविद्यालय, त्याचे संस्थापक-प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्या पिढीचे शिक्षक यांच्यामुळे 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला. हेच वाघमारे सर पुढे, १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू झाले. वारंवार सराव परीक्षा घ्याव्यात, चुका दाखवाव्यात, पुन्हा परीक्षा घ्यावी, ही त्या पद्धतीची साधी रीत होती. मुलांनी रात्रभर जागावे, असा काही त्या पॅटर्नचा नियम नव्हता. तो नियम नंतर आपण घातला.

माझ्या वरच्या मजल्यावरील मुलांचा दिवस सांगतो. सकाळी सातला क्लास. दुपारी एक-दीडला खोलीवर येऊन जेवण, आणि लगेच झोप, ती चार-साडेचारपर्यंत. संध्याकाळी पुन्हा क्लास. रात्री नऊनंतर अभ्यासिका. बाराच्या सुमारास उद्योग भवनाकडे चहा. एकला खोलीवर, मग अंथरुणात पडून मोबाईल, म्हणजे दोन. आणि पहाटे गजर. रात्रीची अखंड झोप जेमतेम तीन-चार तास, बाकीची दुपारी तुकड्यांनी. विजेचा मीटर माझ्या जिन्याखाली आहे, त्यामुळे हे मला कोणाला विचारावे लागत नाही.

'आमचे वडील पहाटे चारला उठत' असे आपण मुलांना अभिमानाने सांगतो, आणि ते खरेच आहे. माझे वडीलही उठत. परंतु ते सूर्यास्तापूर्वी जेवत, प्रतिक्रमण करीत आणि नऊच्या आत अंथरुणावर असत. चौविहार, सायंकाळचा नियम, लवकर निजणे आणि पहाटे उठणे हे सारे एकाच वस्त्राचे धागे होते. आपण त्यातला पहाटेचा धागा तेवढा ओढून काढला आणि तो मुलाच्या हाती दिला. शिवाय सतरा-अठरा वर्षांच्या वयात शरीराचे घड्याळ निसर्गतःच काहीसे उशिरा चालते. या वयात रात्री झोप उशिरा येते आणि पहाटेची झोप जड असते. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. या वयाच्या मुलाला आठ तासांच्या आसपास झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. पन्नाशीच्या बापाने आपली मोजपट्टी त्याला लावू नये.

हे सारे मी इतक्या निकराने लिहितो आहे, कारण माझा भाचा. माझ्या ताईचे घर नांदेडला, दाजींचे वजिराबादेत कापडाचे दुकान. 'नीट'च्या पहिल्या प्रयत्नात मुलाला हवे तसे गुण पडले नाहीत, म्हणून दुसऱ्या वर्षासाठी तो लातूरला आमच्याकडे आला. मुलगा हुशार आणि आज्ञाधारक. किंबहुना आज्ञाधारकपणाचाच त्याला त्रास झाला. दाजी रोज पहाटे साडेचारला व्हिडिओ कॉल करीत, मुलगा टेबलाशी बसलेला दिसला की फोन ठेवीत. मुलगा रात्री एकपर्यंत जागे. दोन महिन्यांत त्याचे डोळे लाल, पोटात सतत जळजळ, आणि स्वभाव असा चिडका की माझी आई त्याच्या खोलीत जायला कचरू लागली.

आईचा स्वाध्याय नियमित असतो. एकदा ताटावर बसल्या बसल्या हा मुलगा डुलक्या घेऊ लागला, तेव्हा ती म्हणाली, "अरे, ही तर प्रचला आहे." तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात दर्शनावरणीय कर्माच्या प्रकारांत निद्रेचे पाच भेद सांगितले आहेत, हे वाचकांना ठाऊक आहेच: सुखाने जाग येते ती निद्रा, कष्टाने जाग येते ती निद्रानिद्रा, बसल्या-उभ्या येते ती प्रचला, चालता चालता येते ती प्रचलाप्रचला, आणि झोपेतच माणूस कामे करतो ती स्त्यानगृद्धि. आचार्यांचा विषय कर्माचा होता, परीक्षेचा नव्हता, याचे मला भान आहे. तरीही दर्शनावर आवरण घालणाऱ्या गोष्टींत त्यांनी निद्रेला बसवले, हे त्या मुलाच्या उत्तरपत्रिका पाहताना मला वारंवार आठवले. त्याच्या निम्म्याहून अधिक चुका न येणाऱ्या प्रश्नांच्या नव्हत्याच. 'चुकीचे विधान ओळखा' असे छापलेले असताना त्याने बरोबर विधान निवडले होते. चार गुण तर गेलेच, वर चुकीच्या उत्तराचा एक वजा. समोरचे अक्षर त्याला दिसत होते आणि दिसत नव्हते.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. सर्व ठीक. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून मुलाला विचारले, "झोपतोस किती?" त्यावर त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग खाली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही. "यांच्या वडिलांशी बोला," एवढेच मला म्हणाले.

ते बोलणे भाऊबीजेला झाले. मी अहमदपूर-लोहामार्गे एस.टी.ने नांदेडला गेलो. ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि मी विषय काढला. दाजी शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "बाबा वारले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. दुकान सांभाळून बी.कॉम. केले. झोपेचे काय, सवय होते."

सवय होते, हे वाक्य मी पूर्वीही ऐकले होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून माणसे नुकती कोठे झोपली होती. त्यानंतर कितीतरी रात्री लातूर शहरातही लोक छताखाली झोपायला धजत नसत. मैदानात, रस्त्यावर, हातगाड्यांवर. जरा हादरा बसला की सारे उठून उभे. आमच्या पेढीवरचे वयस्क मुनीमजी म्हणत, 'आता सवय झाली.' पण त्या महिन्यांत त्यांच्या वहीत जितक्या हातच्याच्या चुका झाल्या, तितक्या आधीच्या वीस वर्षांत झाल्या नव्हत्या. दुःख आणि भीती यांचा त्यात वाटा होताच, झोपेचाही होता. आणि त्यांना स्वतःला त्या चुका दिसत नसत.

पुढे मला कळले की हीच गोष्ट अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मोजून पाहिली गेली आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात निरोगी माणसांना चौदा दिवस चार, सहा किंवा आठच तास झोपू दिले. रोज सहा तास झोपणाऱ्यांची एकाग्रता दोन आठवड्यांअखेर एक-दोन रात्री अखंड जागलेल्या माणसाइतकी खालावली. त्यांना मात्र आपले काही बिघडले आहे असे फारसे वाटत नव्हते. सवय होते ती डुलकीची, कामाची क्षमता काही परत येत नाही.

परंतु दाजींना अमेरिकेचे प्रयोग सांगून उपयोग नव्हता. मी विचारले, "दाजी, तुमचे मुनीमजी खतावणी केव्हा करतात?"

"दुकान मिटल्यावर."

"गिऱ्हाईक समोर असताना?"

"गिऱ्हाईक असताना कीर्द लिहितात. तेव्हा खतावणी कशी होईल? शटर पडल्याशिवाय ते काम होत नाही."

"मग या मुलाचे शटर रात्री एकला पडते आणि साडेचारला तुम्ही उघडता."

दाजी हसले नाहीत. पण त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

खरोखरच मेंदूचे काम पुष्कळसे असेच चालते. दिवसभर वाचलेले मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या लहानशा भागात तात्पुरते नोंदले जाते. गाढ झोपेत त्या नोंदी पुन्हा उजळतात आणि हळूहळू मेंदूच्या बाह्य थरात, त्या त्या खात्यावर पक्क्या होतात. ही गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात अधिक असते, तर स्वप्नांची झोप उत्तरार्धात. म्हणून उशिरा निजून पहाटे उठवलेल्या मुलाची दोन्हीकडून कातरी लागते. झोपेनंतर पाठांतर अधिक टिकते, हे १९२४ सालीच कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगात दिसले होते; म्हणजे ही बातमी शंभर वर्षे जुनी आहे. हल्ली टॅली आल्यापासून कीर्द लिहिली की खतावणी आपोआप होते. मेंदूला अजून टॅली आलेली नाही.

'परीक्षेच्या आदल्या रात्री झोपू दे की पोटभर' ही दाजींची तडजोड होती. तीही पुरत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रसायनशास्त्राच्या एका वर्गातील शंभर विद्यार्थ्यांच्या मनगटावर सत्रभर झोप मोजणारे पट्टे बांधले गेले. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांच्या गुणांमधील फरकाचा सुमारे चौथा हिस्सा झोपेच्या नोंदींशी जुळला. मात्र केवळ परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. आधीच्या आठवड्या-महिन्याच्या झोपेचा दिसला. झोपल्यामुळेच गुण वाढले असे यावरून काटेकोरपणे सिद्ध होत नाही, हेही खरे. पण वर्षभराची थकबाकी एका रात्रीत चुकती होत नाही, हे व्यापाऱ्याला पटायला अडचण पडू नये.

आणि एक साधी गोष्ट, जी इतक्या वर्षांत माझ्या वरच्या मजल्यावर कोणी लक्षात घेतलेली मला दिसली नाही. 'नीट'ची परीक्षा दुपारी दोनला सुरू होते. २०२५ मध्ये ती दोन ते पाच होती, तीन तासांत १८० प्रश्न, ७२० गुण. मे महिन्याचे मराठवाड्याचे ऊन आपण जाणतो. वर्षभर दुपारी दोन ते साडेचार गाढ झोपायची सवय लावलेले शरीर त्या दिवशी नेमके त्याच वेळी आयुष्यातली सर्वांत मोठी परीक्षा द्यायला बसते.

हे ऐकून मात्र दाजी गप्प झाले. एक महिना करून पाहू, असे ठरले.

महिन्याची व्यवस्था अशी: रात्री पावणेअकराला दिवा बंद, सकाळी सहाला उठणे. मोबाईल दहानंतर खाली, आईच्या कपाटात. संध्याकाळी पाचनंतर चहा नाही. दुपारी पडायचे तर वीस-पंचवीस मिनिटे, आणि रविवारचा सराव पेपर दोन ते पाच याच वेळेत. चौविहाराचा प्रश्न थोडा अवघड निघाला. हिवाळ्यात सहाच्या आधीच दिवस मावळतो आणि क्लास साडेसहापर्यंत. मुलगा डबा चुकवी, मग मध्यरात्री भुकेने कळवळे किंवा नियम मोडल्याची खंत करीत बसे. क्लासच्या चालकांना विनंती केली, त्यांनी साडेपाचला पंधरा मिनिटांची सुट्टी दिली. आता तेथे आपल्या समाजाची आणखी चार मुले त्या वेळी डबा उघडतात.

पहिले दहा दिवस कठीण गेले. पावणेअकराला अंथरुणावर पडलेला मुलगा बारापर्यंत टक्क जागा असे, आणि नांदेडहून ताईचा घाबरा फोन येई की 'अभ्यासाचे तास कमी झाले.' तास कमी झाले होतेच. दुसऱ्या पंधरवड्यात झोप जागेवर आली. पोटाची जळजळ थांबली, उत्तरपत्रिकेतल्या न वाचता केलेल्या चुका पुष्कळ कमी झाल्या. भौतिकशास्त्र जसे कच्चे होते तसेच कच्चे आहे. झोपेने न शिकलेले येत नाही. गुण अजून वर-खाली होतात आणि मे महिन्यात काय होईल ते मी सांगू शकत नाही. महिना संपला, तो नियम मात्र चालू राहिला.

वरच्या मजल्यावरील एका मुलाला मात्र हे सारे लागू पडले नाही. तो वेळेवर अंथरुणावर जाई, पण झोपतच नसे. जेवण सुटले होते, बोलणे तुटले होते. ही सवयीची बाब नव्हती. अशा वेळी वेळापत्रक बदलत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. माझ्या जिन्यात मीटरच्या शेजारी तो क्रमांक मी मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे. त्या मुलाचे वडील येऊन त्याला दोन आठवडे गावी घेऊन गेले. शेजारच्या दुकानदारांना ते 'वर्ष बुडवणे' वाटले. मला ते शहाणपणाचे वाटले.

येत्या जूनमध्ये नवी मुले येतील. समाजाच्या वसतिगृहांच्या विश्वस्तांपुढे मी तीन गोष्टी ठेवणार आहे: अभ्यासिका रात्री साडेदहाला बंद व्हावी, डबा सूर्यास्तापूर्वी क्लासवर पोहोचावा आणि पालकांचे फोन रात्री साडेनऊनंतर व सकाळी साडेसहापूर्वी येऊ नयेत. तिसऱ्यावर वाद होईल, याची मला कल्पना आहे.

दाजींचा फोन आता रात्री सव्वानऊला येतो. परवा त्यांनी गुणांचे विचारलेच नाही. लग्नसराईत दुकानात एकच गिऱ्हाईक चार तास साड्या पाहत बसले आणि शेवटी रुमाल घेऊन गेले, ती हकिगत रंगवून सांगत होते. मुलगा हसत होता, मधूनच जांभया देत होता, आणि माझी आई दारातून मला हाताने खुणावत होती की त्यांना म्हणावे, आता ठेवा फोन.