बोट हलतं तेव्हा

पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लेबॉर्न नावाचा एक रुग्ण एकवीस वर्षं होता. वाचा गेलेली, काहीही विचारलं तरी तोंडून निघे फक्त 'तां'. सगळे त्याला त्याच नावानं हाक मारत. 1861 च्या एप्रिलात तो गेला आणि पॉल ब्रोकानं त्याच्या मेंदूत, डाव्या बाजूला पुढे, जखम दाखवली. मेंदू पाहायचा तर आधी माणूस जावा लागे, असा तो काळ. ब्रोकानं तो मेंदू न कापता जपून ठेवला, हे आपलं भाग्य. जवळपास दीडशे वर्षांनी त्याचा एमआरआय झाला, तेव्हा जखम ब्रोकाला वरून दिसली त्यापेक्षा बरीच खोल गेलेली निघाली.

जिवंत मेंदू काम करताना दिसू लागला तो फार अलीकडे. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त चुंबकीय क्षेत्रात वेगळं वागतं. त्याचा उपयोग करून मेंदूचं काम टिपता येईल, हे सेइजी ओगावांनी 1990 मध्ये दाखवलं. अशा तपासणीच्या चित्रांतले लाल-पिवळे ठिपके मात्र मेंदूत नसतात. रक्तातल्या सूक्ष्म फरकांचं गणित मांडून संगणक ते रंग भरतो. अशा चित्रांपुढे मी भारावून जातो, म्हणून हे स्वतःलाच पुन्हा सांगावं लागतं.

लकव्यातून सावरलेल्यांचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा अभ्यास 1991 मध्ये लंडनला झाला. त्यात पेट स्कॅन, म्हणजे मेंदूचं काम टिपणारं दुसरं एक तंत्र, वापरलं होतं. रुग्णांनी चांगल्या हाताची बोटं अंगठ्याला टेकवली, तेव्हा मुख्यतः विरुद्ध बाजूचा मेंदू कामाला लागला. लुळा पडून सावरलेला हात तेच करू लागला, तेव्हा मेंदूच्या दोन्ही बाजू राबत होत्या. एवढ्याशा हालचालीसाठी केवढी ही धडपड! पुढे दुसऱ्या एका अभ्यासात वेगळे रुग्ण महिनोन्महिने पुन्हा पुन्हा तपासले गेले, तेव्हा हात सुधारत गेला तसा हा पसारा आवरत आला. मेंदूतून मज्जारज्जूकडे जाणारी वाट जास्त तुटलेली असेल, तर मात्र तो तितका आवरत नाही.

वाचेचंही असंच काहीसं. जर्मनीत चौदा रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या एक-दोन दिवसांत डाव्या मेंदूतली भाषेची हालचाल मंद होती. बाराव्या दिवसाच्या आसपास उजवी बाजू धावून आली, आणि वर्ष सरत आलं तेव्हा जोर पुन्हा डावीकडे गेला. चौदाच माणसं, त्यामुळे आपल्या घरातल्या माणसाचं भविष्य यावरून कुणी सांगू नये.

घरी आणलेला रुग्ण चमचा धरायला वेळ लावतो, एका शब्दापाशी अडतो. 'राहू द्या बाबा, मी भरवते,' असं आपण मायेनंच म्हणतो, त्याचा शब्दही आपणच पुरा करतो. त्या क्षणी आत चाललेलं काम वाया घालवू नका. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या काही महिन्यांतच होतो. व्यायाम थांबवू नका, आणि तो शब्द त्यालाच म्हणू द्या.