चौदा ओळींचं पान

ऑरॅकल या डेटाबेसच्या एसक्यूएल प्लस या अवजाराला संस्थेच्या सभासदांची यादी मागितली की दर अकरा नावांनंतर रकान्यांची शीर्षकं पुन्हा छापून येतात. पान १४ ओळींचं, ओळ ८० अक्षरांची. 'सेट' करून बदलत नाही तोवर हेच माप. एकाच सभासदाची नोंद तीन ओळींवर घरंगळते आणि शिल्लक नेमकी कुणाची ते कळेनासं होतं. नवी मुलं वैतागतात. या सगळ्या सवयी कागदावर ओळीमागून ओळ छापणाऱ्या यंत्रांच्या काळातल्या, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

ऑरॅकल १९७९ साली बाजारात आलं. सुरुवातीच्या आवृत्त्यांमधल्या या अवजाराचं नाव यूएफआय, म्हणजे 'युझर फ्रेंडली इंटरफेस'. पुढे १९८५च्या सुमारास त्याचंच एसक्यूएल प्लस झालं. फ्रेंडली कसलं! त्याच्या लक्षात राहते ती शेवटची एकच क्वेरी. स्पेलिंग चुकलं की 'एल' दाबून ती वाचायची, 'सी' लिहून तिरक्या रेघांमध्ये जुना शब्द आणि नवा शब्द द्यायचा, मग नुसती तिरकी रेघ मारून पुन्हा चालवायची. युनिक्सवर वरचा बाण दाबला तर मागची क्वेरी येत नसे, भलतीच चिन्हं उमटत.

हे सोसता येतं. त्याचं गप्प राहणं मात्र महागात पडतं. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या वळसंगचे सभासद शोधून बघा. नोंदी इंग्रजी लिपीत. कुणी गावाचं नाव 'व्ही'ने लिहिलंय, कुणी 'डब्ल्यू'ने. बरोबरीचं चिन्ह लावलं की निम्मं गाव गळतं, आणि पडद्यावर चकार शब्द नाही. उच्चारावरून शोधणारं साउंडेक्स आहे. रॉबर्ट रसेलने त्याचं पेटंट १९१८ साली अमेरिकेत घेतलं. पण ते पहिलं अक्षर तसंच ठेवून पुढच्या व्यंजनांनाच आकडे देतं. एक वळसंग 'व्ही ४२५', दुसरं 'डब्ल्यू ४२५'. पुन्हा दोन गावं! शेवटी 'लाइक' लावून पहिल्या अक्षराच्या जागी अंडरस्कोर टाकायचा. सढळ हाताने शेवटी टक्क्याचं चिन्हही टाकलंत, तर विजापूरकडचं हलसंगी आत शिरतं.

म्हणून 'अपडेट' करण्याआधी तीच अट 'सिलेक्ट'ला लावून आलेली नावं डोळ्यांखालून घाला. 'अपडेट' केल्यावर शंका आली, तर उठण्याआधी 'रोलबॅक' करा. नुसतं 'एक्झिट' म्हणून उठलात, तर एसक्यूएल प्लस न विचारता सगळं कमिट करून टाकतं.