जुन्या ट्रकची पेटी

सिहोऱ्यात धान निघू लागले की आमच्या घरी ट्रकची पेटी उघडली जाते. ट्रक जुना. आमचे धाकटे बंधू तो चालवितात, धान तुमसरला पोचवितात. आम्ही कारकून माणूस, म्हणून यादी वाचण्याचे काम आमच्याकडे.

जॅक, पाने, पेंचिस, पेचकस. बांधातल्या मऊ मातीत जॅक रुततो, म्हणून खाली ठेवायला जाड फळी. चाकाला लावायला दोन लाकडी गुटके. रेडिएटरचा पाइप, क्लॅम्प, फ्यूज, बल्ब, तार, टेप, टॉर्च, इंजिन ऑइल, पाण्याचा कॅन. आणि फॅन बेल्ट. तो तुटला की पाण्याचा पंप थांबतो, इंजिन तापते. अशा वेळी रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये, उकळते पाणी अंगावर येते.

एकदा रात्री बपेरा मार्गावर बेल्ट तुटला. आम्ही सोबत होतो. पेटीत नवा बेल्ट होता, परावर्तक त्रिकोण नव्हता. मागे दगड मांडले, काम उरकले, निघालो. दगड तिथेच राहिले. घरी आल्यावर आठवण झाली. मोटारसायकलने परत गेलो, तर एक मजूर सायकलवरून पडून गुडघा धरून बसलेला. त्याला दवाखान्यात नेले, सायकल दुरुस्त करून दिली. तो शिवी देता तर बरे वाटले असते. तो एवढेच म्हणाला, "गोटे उचलले असते तं बरं झालं असतं, भाऊ."

तेव्हापासून आमच्या यादीत पहिले नाव त्रिकोणाचे आहे. शेवटची ओळ अशी: निघण्यापूर्वी मागे पाहिले का?