पायाचे टक्के

मामाला डंपरने उडवलं ते 2011 साली, मुरबाड-कल्याण रस्त्यावर. भेंडीच्या पाट्या घेऊन पहाटे टेम्पोची वाट बघत तो कडेला उभा होता. जीव वाचला, पण उजव्या गुडघ्याचा चुरा झाला आणि पाय कायमचा ताठ राहिला.

ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात केस लागली. तारखेला एस.टी.ने कल्याण, तिथे कुबड्यांवर स्टेशनचा जिना, मग लोकल. सोबत मी. वकिलाने हिशेब समजावला: वर्षाचं उत्पन्न, गुणिले अपंगत्वाचे टक्के, गुणिले वयाचा गुणक. सरला वर्मा खटल्याच्या 2009 च्या निकालाप्रमाणे 41 ते 45 वयाला गुणक 14. मामा 44 चा. वाद नसलेला आकडा एवढा एकच.

भाजी विकणाऱ्या कुणब्याला पगाराची चिठ्ठी कोण देणार? विमा कंपनीचा वकील म्हणाला, पुरावा नाही म्हणजे कमाई नाही. कायद्याच्या तक्त्यात बिनकमाईच्या माणसाला वर्षाचे 15,000 आहेत, तेच धरा. तो तक्ता 1994 चा! सर्टिफिकेटवर अपंगत्व 40 टक्के. झाले 84,000.

व्हरांड्यात मामा म्हणाला, "चाळीस टक्के म्हंजी काय रं? चिखलात निम्माशिम्मा उतरू का?"

सर्वोच्च न्यायालयानेही वेगळं काही सांगितलं नव्हतं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार, 2010: शरीराचे टक्के म्हणजे कमाईचे टक्के नव्हेत. हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाते. आमच्या वकिलाने तो निकाल पुढे ठेवला आणि मामाला विचारलं, आता काय काय जमत नाही? मामाने बोटं मोजली. चिखलणी नाही, आवणी नाही, उकिडवं बसून भातकापणी नाही, डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून चालणं नाही. माझ्या मते सगळ्या केसमधला खरा पुरावा तोच, फक्त त्यावर कुणाचा शिक्का नव्हता.

2015 ला निकाल लागला. महिन्याची कमाई 5,000 धरली, नुकसान 70 टक्के. 5,88,000, दवाखान्याचा खर्च आणि व्याज वेगळं. मोठा भाग मुदतठेवीत. गावात बोलले, लॉटरी लागली.

त्या चार वर्षांत खाचरं मामीने सांभाळली. नांगराला माणूस लावला, आवणीला स्वतः वाकली, पहाटेच्या टेम्पोत भेंडीसोबत स्वतः बसून कल्याणला गेली. केसच्या कागदांत तिची जबानी आहे. सुरुवातीलाच टाइप केलंय: अर्जदाराची पत्नी, धंदा घरकाम.