कूबर पेडी: टेकडीच्या पोटातलं गाव

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडहून स्टुअर्ट हायवेनं उत्तरेला साडेआठशे किलोमीटर गेलं की दोन्ही अंगांना पांढरट-गुलाबी मातीचे ढीग सुरू होतात. नजर पोचेल तिथवर ढीगच, आणि प्रत्येकाजवळ खोल उभा खड्डा. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांपुढे जातो.

फेब्रुवारी १९१५ मध्ये सोनं शोधायला एक टोळी या वैराण मुलखात उतरली होती. तिच्यातला चौदा वर्षांचा विली हचिसन पाणी शोधत फिरत होता. त्याला सापडलं ओपल हे रत्न. मग पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक आले. खंदकांत दिवस काढलेल्या त्या माणसांनी टेकड्या कोरून घरं केली. पुढे धंदा मंदावला. १९४६ मध्ये टॉटी ब्रायंट या आदिवासी बाईला एट माइल भागात ओपल सापडलं आणि गावात पुन्हा झुंबड उडाली. विलीचं नाव सगळे सांगतात. टॉटीचंही तितक्याच ठसक्यात सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीक, सर्ब, क्रोएट, इटालियन आले. सर्बांनी तर जमिनीखाली चर्चच कोरलं.

फेय नेलर आणि तिच्या दोन मैत्रिणींनी खोदलेलं घर मी पाहिलं. तांबूस भिंतींवरून हात फिरवला, तर हत्यारांचे ओरखडे बोटांना लागत होते. बाहेर अंग भाजत होतं. आत पंखा नाही, तरी सुखद गारवा. वर्षभर ही घरं तेवीस-चोवीस अंशांच्या आसपास राहतात. हवेसाठी छतातून वर नळ काढलेला असतो.

गावातल्या मोकळ्या ढिगावर काही जण बसून माती चिवडत होते. याला इथे ‘नूडलिंग’ म्हणतात: खाणवाल्यांच्या नजरेतून सुटलेलं ओपल वेचायचं. मीही बसलो. नखाएवढी एक चीप हाती आली. थुंकी लावून पुसली, उन्हात तिरपी धरली, तेव्हा राखाडी दगडात हिरवी रेघ चमकून गेली. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे नीट रचले गेले, तरच हे रंग उमटतात. बहुतेक दगडांत ती रचना नसतेच. तरीही माणसं वर्षानुवर्षं खोदत राहतात. या चिकाटीपुढे मी मनापासून नमतो.

पाणी मात्र आजही सोपं नाही. दूरच्या बोअरचं खारं पाणी शुद्ध करून गावाला पुरवतात.

जाणार असाल तर थंडीच्या दिवसांत, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये जा. जमिनीखालच्या खोलीत एक रात्र जरूर काढा. आणि फोटो काढताना एक पाऊलही मागे टाकू नका: खाणपट्ट्यातल्या खड्ड्यांना कठडे नसतात.